रेल्वे चालते, मग खलबत्ता का चालत नाही?

वाचकाचं पत्र:

आम्ही दोन वर्षांपूर्वी नागपुरात अजनीजवळ फ्लॅट घेतला. खिडकीतून रूळ दिसतात. सुरुवातीला रात्री प्रत्येक गाडीला जाग यायची, आता मालगाडी गेलेलीही कळत नाही. पण वरच्या माळ्यावरच्या आजी पहाटे साडेपाचला, दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री झोपण्याआधी लोखंडी खलबत्त्यात पानसुपारी कुटतात. टण, टण, मग थांबतात, पुन्हा टण. पहिलं वर्षभर माझं लक्षही जायचं नाही. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या बाथरूममधून आमच्या छताला ओल आली, त्यावरून त्यांच्या सुनेशी शब्दाला शब्द वाढला, ते असो. आता तो आवाज डोक्यात जातो. पाचलाच जाग येते आणि मी वाट पाहत पडून राहते. मोबाईलमध्ये वेळा लिहून ठेवते. एकदा तर झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. नवरा म्हणतो, 'काहून एवढं मनावर घेतेस, सवय होऊन जाईल.' सासूबाई म्हणतात, 'रेल्वे चालते अन् म्हातारीचं पान चालत नाही?' माझ्या मेंदूत काही बिघाड झालाय का? तपासणी करून घ्यावी की सरळ घरच बदलावं?

– एक वाचक, अजनी

ताई,

बिघाड नाही. रेल्वेच्या बाबतीत तुमचा मेंदू जे शिकला तेही शिकणंच आणि खलबत्त्याच्या बाबतीत जे शिकला तेही शिकणंच. एकाच यंत्रणेने एका आवाजाला 'सोडून दे' म्हटलं आणि दुसऱ्याला 'लक्ष ठेव'. दुसरं शिकणं पुसता येतं की नाही, एवढाच प्रश्न आहे. बऱ्याच अंशी येतं. पण नवरोबा म्हणतात तसं नुसतं बसून राहून नाही.

आधी रेल्वेचं बघू. तुम्हाला वाटतं, आता गाडी ऐकूच येत नाही. तसं नाही. कानाचा पडदा आजही तेवढाच हलतो, संदेश मेंदूपर्यंत तसाच पोचतो. फरक पडतो तो त्यापुढे. डोक्याला तारा लावून एखाद्याला एकच 'बीप' पुन्हापुन्हा ऐकवली, तर पहिल्या बीपनंतर साधारण 100 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठळक लहर उठते. लगेच, अर्ध्या सेकंदाने, तीच बीप पुन्हा दिली की ती लहर बारीक होते. मध्ये दहाएक सेकंद शांतता ठेवली तर ती बरीचशी पूर्ववत होते. ही झाली सगळ्यात तात्पुरती सवय. तिच्यावर दिवसांची आणि आठवड्यांची सवय चढत जाते.

याला थकवा म्हणावंसं वाटतं, पण तो थकवा नव्हे. 2003 मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी मांजरीच्या मेंदूतल्या, ऐकण्याच्या भागातल्या एकेका पेशीची नोंद घेतली. वारंवार येणाऱ्या सुराला पेशीचा प्रतिसाद मंदावलेला आणि तीच पेशी मध्येच आलेल्या वेगळ्या सुराला जोरात उत्तर देते. थकलेली असती तर दोन्हीकडे मंद असती. म्हणजे मेंदू नुसता कमी ऐकत नाही, तो नेमका 'हेच' कमी ऐकतो.

हे तुम्ही स्वतःही अनुभवलेलं असणार. मे महिन्याची रात्र, कूलर धडधडतोय, घरातले सगळे गाढ झोपलेले. लाइट जाते. घाम फुटायला अजून वेळ असतो, तरी अर्धं घर उठून बसतं. कुठलाही नवा आवाज झालेला नसतो, आवाज फक्त बंद झालेला असतो. गेल्या शतकाच्या मध्यावर मॉस्कोत येवगेनी सोकोलोव यांनी हाच प्रकार प्रयोगशाळेत पाहिला होता. तोच सूर ऐकवत राहिलं की तळहाताचा घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळं शांत होत जातं. मग एकदा सूर नेहमीपेक्षा आखूड केला, तर जिथे सूर असायला हवा होता त्या शांततेलाच शरीर दचकून उत्तर देतं. यावरून त्यांनी मांडणी केली की मेंदू प्रत्येक परिचित आवाजाचा एक साचा तयार ठेवतो, येणारा आवाज त्याच्याशी जुळवून पाहतो, आणि जुळला की पुढे कळवत नाही. जुळला नाही तरच घंटा वाजते.

ही जुळवाजुळव लक्ष नसतानाही चालते. फिनलंडच्या रिस्टो न्याटानेन यांनी 1978 मध्ये दाखवलं की माणसाचं लक्ष दुसरीकडे असलं आणि कानात चाललेल्या एकसारख्या सुरांत एखादाच वेगळा सूर आला, तर साधारण 100 ते 250 मिलिसेकंदांत मेंदूत वेगळी लहर उमटते. माणसाला विचारलं तर तो म्हणेल, माझं लक्षच नव्हतं. बेशुद्ध रुग्ण शुद्धीवर येण्याची शक्यता किती, याचा अंदाज घेण्यासाठीही डॉक्टर या लहरीचा आधार घेतात.

आता रेल्वे या साच्यात किती छान बसते बघा. दुरून गुणगुण, मग वाढ, मग डब्यांची लय, मग उतार. ती कुठूनही एकदम अंगावर येत नाही. आणि मुख्य म्हणजे तिचं तुमच्याशी काही देणंघेणं नाही. मुंबईकडची असो की बल्लारशाकडची, ती गेल्यावर तुमच्या आयुष्यात काही घडत नाही. मेंदूने दोन गोष्टी टिपल्या: हा आवाज ओळखीचा आहे, आणि याच्यामागून काही येत नाही. विषय संपला.

खलबत्त्याची गोष्ट निराळी, आणि तिथे सासूबाईंच्या टोमण्याचं उत्तर आहे. तुम्ही 'ते असो' म्हणून ओलीचा विषय बाजूला सारलात. मला मात्र सगळं पत्र तिथेच अडकलेलं दिसलं. पहिलं वर्षभर आजी हेच पान, ह्याच खलबत्त्यात, ह्याच वेळी कुटत होत्या आणि तुमचं लक्षही जात नव्हतं! आवाज मोठा झालेला नाही. वरच्या घराशी तुमचं बिनसलं, आणि त्या घरातून येणारा सगळ्यात ठळक आवाज त्या बिनसण्याचा झाला. तो वाजला की मेंदूला पान आठवत नाही, छतावरचा डाग आठवतो, सुनेचं बोलणं आठवतं, तेव्हा सुचलं नाही ते उत्तर आठवतं. असा आवाज 'याच्यामागून काही येत नाही' या यादीत कसा जाणार?

विज्ञानात याचा हिशेब फार नीट मांडलेला आहे. रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम स्पेन्सर यांनी 1966 मध्ये सवयीची नऊ लक्षणं एकत्र मांडली, आणि 1970 मध्ये थॉम्पसन यांनी फिलिप ग्रोव्ह्ज यांच्याबरोबर पुढचं पाऊल टाकलं. त्यांचं म्हणणं असं की पुन्हापुन्हा येणारी गोष्ट मेंदूत एकाच वेळी दोन क्रिया चालू करते. एक त्या ठरावीक आवाजाचा प्रतिसाद उतरवत नेते. दुसरी माणसाची एकूण सावधगिरी वाढवते, आणि ती वाढली की प्रत्येक आवाज मोठा लागतो. आपल्याला जाणवतो तो या दोन्हींचा मिळून परिणाम. आवाज सौम्य आणि बिनमहत्त्वाचा असेल तर पहिली जिंकते. आवाज टोचणारा असेल, किंवा ऐकणारा आधीच ताणलेला असेल, तर दुसरी.

एरिक कँडल यांना 2000 सालचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात समुद्री गोगलगायीवरचे असेच प्रयोग होते. गोगलगायीला हलकेच स्पर्श करत राहिलं की ती कल्ले आत ओढणं हळूहळू थांबवते. शेपटीला एक विजेचा झटका दिला की तोच हलका स्पर्श तिला पुन्हा दचकवतो. झटका शेपटीला, सावध झाला सगळा जीव. तुमचा झटका मागच्या पावसाळ्यात बसला.

त्यात खलबत्त्याचा स्वभावही तुमच्या विरोधात आहे. टण, टण, विराम, टण. किती वेळा वाजेल आणि कधी थांबेल हे आजींनाही ठाऊक नसतं, ते सुपारीवर अवलंबून. पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्याचा आवाज आठवा, तो सलग एका लयीत चालतो, शेजारी उभा असलेला माणूस निवांत गप्पा मारतो. तोच आवाज अडखळत आला असता तर त्याच्याही गप्पा तुटल्या असत्या. शिवाय ठोक्याचा आवाज हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त येतो, म्हणून खिडक्या लावून तुम्हाला काडीचाही उपयोग होत नसणार.

आणि वाट पाहणं. पाचला जाग येणं हे खलबत्त्यामुळे नव्हे, कारण तो साडेपाचला वाजतो. अर्धा तास तुम्ही आवाजाशिवाय आवाज ऐकत असता.

म्हणून पहिलं काम: मोबाईलमधली ती यादी आजच पुसून टाका. उद्या नको, पुरावा म्हणून राहू दे असं नको. पुरावा कुणाला दाखवणार आहात? पान कुटणाऱ्या आजींविरुद्ध कुठलं कार्यालय तक्रार घेणार नाही, आणि घेऊही नये. प्रत्येक नोंदीबरोबर तुम्ही मेंदूला सांगता, हे महत्त्वाचं आहे, पुढच्या वेळी चुकवू नकोस. झाडूचा दांडाही तसाच. वर काही पोचलं असेल ते असेल, पण आवाज आला की लढाई सुरू, हा धडा तुमच्याच डोक्यात पक्का झाला.

दुसरं काम जिना चढून वर जाण्याचं. जड वाटेल, पण याचा फायदा सगळ्यात जास्त. ओलीचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. तो सोसायटीच्या सचिवांमार्फत, लेखी, वेगळा चालू द्या. प्लंबर पावसाळ्याआधी यायला हवा हे त्यांनाही कळतं. तुम्ही दुपारी जा, आजी जाग्या असतील तेव्हा, सुनेशी नव्हे तर आजींशीच बोला. काय बोलायचं? असं काहीसं: 'आजी, पहाटे तुमचं पान कुटणं खाली आमच्या उशाशीच ऐकू येतं. खलबत्त्याखाली हे घालून बघता का?' आणि हातात काहीतरी घेऊनच जा. जुन्या गोधडीची जाड घडी, किंवा व्यायामाच्या मॅटचा चौकोनी तुकडा, दुहेरी केलेला. ठोक्याचा आवाज स्लॅबमध्ये शिरण्याआधी अडवला तरच अडतो, तुमच्या घरात कितीही पडदे लावले तरी उपयोग नाही. खलबत्ता भिंतीला लागून असेल तर थोडा अलीकडे घ्यायला सांगा. पान बंद करा, वेळ बदला, असलं काही मागू नका. त्या वयात पहाटेचं पान सोडायला सांगणं म्हणजे दुसरं भांडण.

आवाज थोडा कमी होईल हा एक फायदा. दुसरा जास्त मोठा. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी 1972 च्या आपल्या पुस्तकात गोंगाटाचे प्रयोग मांडले आहेत. काही लोकांना नुसता गोंगाट ऐकवला, काहींना तोच गोंगाट ऐकवून सोबत एक बटण दिलं: हवं तर दाबून आवाज बंद करा, पण शक्यतो दाबू नका. त्यांनी ते दाबलंही नाही. तरी नंतर दिलेल्या कामांत बटणवाले जास्त वेळ टिकले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. गोंगाट दोघांनाही सारखाच होता. आजींशी बोलणं सुरू झालं की तुमच्या हाती तसं बटण येतं. उद्या फारच झालं तर वर जाऊन सांगता येईल, हे माहीत असणं पुरेसं असतं. शिवाय आजींचा चेहरा त्या आवाजाला चिकटेल, आत्ता तिथे सुनेचा आहे.

तिसरं काम सवयीचं, पण ते पहिल्या दोनानंतर. पहाटेपासून सुरुवात करू नका. अर्धवट झोपेत, चिडलेल्या डोक्याने 'आता मी सवय करून घेणार' म्हटलं तर सावधगिरीच वाढते. दुपारचं पान निवडा. खुर्चीत बसा, हातात भाजी निवडायला घ्या, पंखा चालू ठेवा, आणि आवाज आला की काही करू नका. मोजू नका, कुणाला हाक मारून 'बघ, सुरू झालं' म्हणू नका. ऐकू येतंय, येऊ द्या. राग वर येऊ लागला तर उठून दुसऱ्या खोलीत जा, ती हार नव्हे. एका दिवशी तासभर असं करण्यापेक्षा रोज थोडं थोडं जास्त टिकतं. कँडल यांच्या प्रयोगशाळेत गोगलगायीला एकाच बैठकीत दहा स्पर्श केले तर सवय लवकर विरायची, तेच दहा-दहा स्पर्श चार दिवस केले तर ती तीन आठवडे टिकली. माणूस गोगलगाय नव्हे हे खरं, पण अंतर ठेवून केलेला सराव जास्त मुरतो हे आपल्यालाही लागू आहे.

उन्हाळ्यात माहेरी पंधरा दिवस जाऊन आलात आणि परतल्यावर पहिल्याच पहाटे पुन्हा टण ऐकून दचकलात, तर 'सगळं मुसळ केरात' असं म्हणू नका. खंड पडला की प्रतिसाद परत वर येतो, हे त्या नऊ लक्षणांपैकीच एक. आणि दुसऱ्या खेपेला सवय पहिल्यापेक्षा लवकर लागते, हेही त्यातलंच.

कूलरचं एक सांगते. गुढीपाडव्याच्या आसपास कूलर लागतील, त्यांच्या घरघरीत खलबत्ता बराचसा बुडेल आणि तुम्हाला वाटेल, झालं बरं. तो उन्हाळा मजेत घालवा, झोप भरून काढा, कारण भरल्या झोपेचा माणूस कमी दचकतो. मात्र पावसाळ्यात कूलर उतरला की आवाज पुन्हा उघडा पडणार आहे. म्हणून जिना चढायचं काम कूलर लागायच्या आत करा. कानात बोळे घालायचे तर फक्त पहाटेपुरते. दिवसभर घातलेत तर कान शांततेला सरावतात आणि साधा चमचा पडला तरी अंगावर येतो.

रेल्वेविषयी थोडं, कारण तुम्ही तो प्रश्न सुटलाच असं धरलंय. रात्री जाग येणं थांबतं, पण झोपेत हृदयाचे ठोके प्रत्येक मोठ्या आवाजाला थोडे वाढतात आणि ते जाग येण्याइतक्या सहजी सवयीला बधत नाहीत. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2009 मध्ये घराबाहेर रात्रीची सरासरी 40 डेसिबल असावी असं सुचवलं. रुळांशेजारी यातलं काही जुळेल असं समजू नका. घाबरण्याचं कारण नाही, पण झोपायची खोली रुळांच्या विरुद्ध बाजूला घेता येत असेल तर घ्या, विशेषतः सासूबाईंना रक्तदाब असेल तर.

तपासणीचं विचारलंत. फक्त खलबत्त्याचाच त्रास असेल तर दोन महिने वर सांगितलेलं करून बघा. पण घरात कुणी जेवताना होणारा आवाज, कुणाचा श्वास, पेनाची टिकटिक, अशा बारीक आवाजांनीही एकदम संताप होत असेल, कानात शीळ किंवा गुंजन असेल, सगळेच आवाज नकोसे मोठे लागत असतील, किंवा झोप आठवडेच्या आठवडे मोडत असेल, तर थांबू नका. नागपुरातली सरकारी रुग्णालयं आहेतच, मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, त्यांतल्या कुठल्याही कान-नाक-घसा विभागात जाऊन ऐकण्याची चाचणी करून घ्या. ऐकू कमी येऊ लागलेल्या माणसालाही काही आवाज उलट जास्त टोचतात, त्यामुळे 'मला तर सगळं ऐकू येतं' म्हणून चाचणी टाळण्यात अर्थ नसतो. तिथे गरज वाटली तर ते मानसोपचार विभागाकडे पाठवतील, त्याचंही वाईट वाटून घेऊ नका.

राहिलं घर बदलणं. आत्ता नको. आत्ताच्या सावध कानांनी नव्या घरात गेलात तर तिथल्या पाण्याच्या मोटारीपासून सुरुवात होईल. आधी ओल दुरुस्त होऊ द्या, गोधडीची घडी वर पोचू द्या, एक पावसाळा काढा. दिवाळीनंतरही पहाटे पाचला डोळे उघडत असतील तर मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात सुनेशी आता बोलणं आहे की नाही तेवढं नक्की सांगा.